मुतखड्याची कळ

मध्यरात्रीचा सुमार असतो. दिवसभर शेतांत किंवा कारखान्यांत राबून आलेला, अंगापिंडानें धडधाकट असा माणूस एकाएकीं दचकून जागा होतो. पाठीच्या एका बाजूस, शेवटच्या बरगडीखालीं, कोणी सुरी खुपसून फिरवावी तशी कळ त्याला येते. ती कुशीवरून खालीं उतरते आणि जांघेंत शिरते. तो उठून बसतो, पुन्हां आडवा होतो, कूस पालटतो, येरझारा घालतो. पण कोणत्याहि स्थितींत त्यास चैन पडत नाहीं. घाम सुटतो, मळमळतें, उलटी होते. घरांतील माणसें घाबरून जातात. कोणी ओवा चघळावयास देतो, कोणी पोट शेकतो, कोणी ‘वायु धरला’ असें निदानहि करून टाकतो. पहाटेच्या सुमारास ती कळ जशी आली तशीच अकस्मात् थांबते, थकलेला जीव गाढ झोपीं जातो, आणि सकाळीं उठून माणूस पुन्हां कामास लागतो. दुखणें गेलें, अशी सर्वांची समजूत होते. ही समजूत पुष्कळदां खरी ठरते. परंतु जेव्हां ती खोटी ठरते, तेव्हां तिची किंमत एका मूत्रपिंडानें मोजावी लागते. म्हणून ही कळ कोठून येते, ती कां थांबते, आणि ती थांबल्यावर काय करावयास हवें, हें प्रत्येक कुटुंबांत ठाऊक असणें अगत्याचें आहे.

मुतखडा हा मनुष्यजातीचा अत्यंत पुरातन सोबती आहे. ईजिप्त देशांतील इतिहासपूर्व थडग्यांतून निघालेल्या एका तरुणाच्या अवशेषांतहि मूत्राशयांतील खडा सांपडला आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत ‘अश्मरी’ या नांवाखालीं या विकाराची स्वतंत्र चर्चा असून त्याचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि चिकित्सास्थानांत शस्त्र लावून खडा काढण्याचा विधि दिला आहे. तो सांगतांना ग्रंथकार मोठ्या प्रांजळपणें बजावतो कीं, शस्त्र न लावल्यास मृत्यु निश्चित, आणि लावल्यास जगण्याविषयीं संशय. म्हणून वैद्यानें अगोदर राजाची अनुज्ञा घ्यावी. ग्रीस देशांत हिपॉक्रेटिसच्या नांवानें चालत आलेल्या वैद्यांच्या शपथेंतहि खडा कापून काढण्याचें काम त्यांत निष्णात असलेल्यांकडेच सोंपविण्याचें वचन आहे. इंग्लंडमधील प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपीस याचा खडा इ. स. १६५८ च्या मार्च महिन्यांत काढण्यांत आला. भूल देण्याची विद्या त्या काळीं अवगत नव्हती. तरीहि तो वांचला, आणि पुढें तो दिवस दरवर्षीं सणासारखा पाळण्याचें त्यानें ठरविलें. यावरून या दुखण्याची धास्ती केवढी होती याची कल्पना येते.

हे जुने खडे बहुतेक मूत्राशयांतले असत, व गरिबाघरच्या लहान मुलांना त्यांचा विशेष उपद्रव होई. केवळ धान्यावर पोसलेल्या, दूधदुभत्यास पारख्या झालेल्या मुलांत ते अधिक आढळत. निलगिरींतील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत उंदरांवर प्रयोग करून निकृष्ट आहार आणि खडे यांचा संबंध दाखवून दिला. आहार सुधारत गेला तसा मुलांच्या मूत्राशयांतील खडा विरळ झाला. आतां आढळणारे बहुतेक खडे प्रौढ माणसांच्या मूत्रपिंडांत जन्म घेतात. उष्ण आणि कोरड्या हवेच्या प्रदेशांत ते अधिक होतात. राजस्थान, गुजरात, पंजाब व महाराष्ट्राचा अवर्षणी भाग हे त्यासाठीं प्रसिद्धच आहेत.

मूत्रपिंडें दोन. पोटाच्या पोकळीच्या मागें, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला तीं असतात. प्रत्येकाची लांबी सुमारें १० ते १२ सेंटिमीटर, आणि आकार घेवड्याच्या दाण्यासारखा. हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा सुमारें पांचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो. प्रत्येकांत सुमारें दहा लाख सूक्ष्म गाळण्या असून त्या सर्व मिळून चोवीस तासांत जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात. त्यांतील बहुतेक पाणी व उपयुक्त क्षार परत रक्तांत घेतले जातात, आणि दीड-दोन लिटर मूत्र तेवढें उरतें. हें मूत्र थेंबाथेंबानें मूत्रवाहिनीच्या द्वारें मूत्राशयांत उतरतें. मूत्रवाहिनी म्हणजे सुमारें २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची व तीन-चार मिलिमीटर रुंदीची एक स्नायुमय नळी. तिच्या वाटेंत तीन अरुंद जागा आहेत : एक मूत्रपिंडांतून निघतांना, दुसरी कटिभागांतील मोठ्या रक्तवाहिन्यांवरून ओलांडतांना, आणि तिसरी मूत्राशयांत शिरतांना. मुतखड्याच्या साऱ्या कथेंतील संकटें बहुधा या तीन उंबरठ्यांवरच घडतात.

खडा कसा होतो, हें खडीसाखरेच्या कारखान्यांत गेलेल्या माणसास सहज उमजेल. साखरेचा पाक पातळ असेपर्यंत त्यांत कांहींच दिसत नाहीं. तो पुरेसा घट्ट झाला आणि त्यांत दोरा सोडला म्हणजे त्या दोऱ्याभोंवतीं स्फटिक धरूं लागतात. मूत्राचेंहि तसेंच आहे. त्यांत कॅल्शियम, ऑक्झॅलेट, फॉस्फेट, यूरिक आम्ल असे पदार्थ विरघळलेले असतात. पाणी मुबलक असेल तर ते मुकाट्यानें वाहून जातात. पाणी कमी पडलें, म्हणजे कोठें तरी एक सूक्ष्म कण जमतो, त्याच्याभोंवतीं दुसरा बसतो, आणि महिन्यामहिन्यांनीं त्याचा खडा होतो. मूत्रांत या क्रियेस विरोध करणारे पदार्थहि निसर्गानें ठेवले आहेत. त्यांत सायट्रेट हें मुख्य होय; तें कॅल्शियमला धरून ठेवतें व स्फटिक वाढूं देत नाहीं. ज्याच्या मूत्रांत हा रक्षक कमी, त्यास खडे होण्याचा संभव अधिक.

सर्व खडे सारखे नसतात. बहुसंख्य खडे कॅल्शियमचे, आणि त्यांतहि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. कांहीं यूरिक आम्लाचे असतात. ते स्थूल, मधुमेही किंवा संधिवाताच्या एका विशिष्ट प्रकारानें पीडलेल्या माणसांत अधिक होतात, व साध्या क्ष-किरणचित्रांत दिसत नाहींत. तिसरा प्रकार जंतुसंसर्गांतून होणाऱ्या खड्यांचा. हे भराभर वाढतात व सांबरशिंगासारख्या फांद्या फुटून मूत्रपिंडाची सारी पोकळी व्यापतात, आणि तरीहि पुष्कळदां फारशी कळ देत नाहींत. चौथा प्रकार सिस्टीनचा; तो क्वचित् व आनुवंशिक असतो. म्हणून लघवीतून पडलेला खडा टाकून देऊं नये. कळ आल्यावर कांहीं दिवस लघवी स्वच्छ फडक्यांतून गाळावी, आणि खडा सांपडल्यास कागदांत गुंडाळून डॉक्टरांकडे न्यावा. त्या एवढ्याशा कणाच्या परीक्षेवरून पुढील अनेक वर्षांचें पथ्य ठरवितां येतें.

मूत्रपिंडाच्या पोकळींत खडा नुसता पडून असला, तर तो बहुधा दुखत नाहीं. तो सुटून मूत्रवाहिनींत अडकला म्हणजे अनर्थास आरंभ होतो. मूत्र मागें तुंबतें, मूत्रपिंडाच्या आंतील दाब वाढतो, त्याचें वेष्टण ताणलें जातें, आणि मूत्रवाहिनीचे स्नायु खडा पुढें लोटण्यासाठीं आकुंचन पावतात. हीच ती कळ. खडा जसा खालीं सरकतो तशी कळीची जागाहि सरकते : प्रथम पाठ, मग कूस, मग जांघ, पुरुषांत वृषणापर्यंत आणि स्त्रियांत योनीच्या ओष्ठांपर्यंत तिची लहर जाते. खडा मूत्राशयाच्या दाराशीं आला कीं वरचेवर लघवीस लागतें, पण होते थेंबभर. लघवी तांबूस होते, किंवा तिच्यांतील रक्त केवळ सूक्ष्मदर्शकाखालीं दिसतें. खडा लहान म्हणून कळ लहान असा कांहीं नियम नाहीं. तांदळाच्या कणीएवढा खडा पहिलवानास लोळवतो, आणि लिंबाएवढा खडा वर्षानुवर्षें निमूट बसून राहतो.

परंतु पोटांतील प्रत्येक कळ मुतखड्याची नसते, आणि येथेंच घरगुती निदान घात करतें. मुतखड्याचा रोगी तळमळतो, एका जागीं स्थिर राहूं शकत नाहीं. याउलट आंत्रपुच्छास सूज आली असल्यास दुखणें प्रथम बेंबीभोंवतीं सुरू होऊन मग पोटाच्या उजव्या खालच्या भागांत स्थिर होतें. तो रोगी निपचित पडून राहतो, कारण हालचालीनें व खोकल्यानें त्याचें दुखणें वाढतें. पित्ताशयांतील खड्याची कळ उजव्या बरगडीखालीं, बहुधा तेलकट जेवणानंतर येते व पाठीच्या फऱ्याकडे जाते. पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटांत एकाएकीं दुखूं लागून भोंवळ आली, तर गर्भ गर्भाशयाबाहेर राहिल्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गांठलें पाहिजे. तेथें तासांचा प्रश्न असतो. मुलग्याच्या ओटीपोटांत दुखत असेल तर त्याचे वृषणहि पाहिले पाहिजेत. वृषणास पीळ पडला असल्यास साधारण सहा तासांच्या आंत तो सोडविला नाहीं तर वृषण गमवावें लागतें, आणि लाजेमुळें मुलगा ती जागा दाखवीत नाहीं. साठी उलटलेल्या माणसास आयुष्यांत पहिल्यानेंच अशी कळ आली, तर पोटांतील महारोहिणीचा फुगवटा फुटत नाहीं ना, हें आधीं पाहावें लागतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावयाचें. कळ थांबली, याचा अर्थ काय? तिचे तीन अर्थ संभवतात. पहिला, खडा मूत्राशयांत उतरला व संकट टळलें. दुसरा, खडा थोडासा वळून मूत्रास वाट मिळाली. तो तेथेंच असून पुन्हां केव्हांहि अडकेल. आणि तिसरा अर्थ सर्वांत भयंकर. मूत्राची वाट पूर्ण बंद राहिली म्हणजे कांहीं काळानें त्या मूत्रपिंडाकडे जाणारें रक्त कमी होतें, तें मूत्रच कमी तयार करूं लागतें, दाब उतरतो आणि वेदना शमते. रोग्यास वाटतें आपण बरे झालों; वस्तुतः मूत्रपिंड हार खाऊं लागलेलें असतें. असा अडथळा कांहीं आठवडे टिकला तर तें पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. दुसरें मूत्रपिंड दोघांचें काम निमूटपणें अंगावर घेतें, म्हणून बाहेरून कांहींच कळत नाहीं. पुढें केव्हां तरी दुसऱ्याच कारणासाठीं सोनोग्राफी केली जाते, आणि एक मूत्रपिंड पाण्याची निकामी पिशवी होऊन बसल्याचें उघडकीस येतें. म्हणून नियम असा कीं, मुतखड्याची कळ येऊन गेल्यावर, ती संपूर्ण थांबली असली तरीहि, खडा पडला कीं नाहीं याची खात्री तपासणीनेंच करून घ्यावी. वेदनेवर विश्वास ठेवावा. तिच्या अभावावर ठेवूं नये.

एका प्रसंगीं मात्र सकाळपर्यंतहि थांबणें योग्य नाहीं. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, तर अडलेल्या मूत्रांत जंतु शिरले आहेत असें समजावें. तुंबलेल्या जागेंतील पू रक्तांत मिसळण्यास वेळ लागत नाहीं, व नुसत्या औषधांनीं अशा वेळीं भागत नाहीं. कारण जेथून मूत्रच वाहत नाहीं तेथें औषधहि पुरेसें पोंचत नाहीं. मूत्रवाहिनींत आंतून नळी सरकवून किंवा पाठीवाटे मूत्रपिंडांत नळी घालून तें तुंबलेलें मूत्र आधीं वाहतें करावें लागतें. खड्याचा विचार मागाहून. तसेंच लघवी अजिबात बंद झाली, उलट्यांमुळें पाणीहि पोटांत ठरेना, रोगी गर्भवती असली, किंवा मूळचेंच एक मूत्रपिंड असलेला माणूस असला, तर तत्काळ रुग्णालयांत नेणें हेंच कर्तव्य होय.

खडा नसतांहि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, आणि तो स्त्रियांत अधिक. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असल्यानें बाहेरील जंतूंना मूत्राशय जवळ पडतो. लघवीस आग होणें, वारंवार लागणें, ओटीपोटांत दुखणें व लघवी गढूळ होणें हीं त्याचीं लक्षणें. एवढ्यावर वेळीच उपचार केला तर थोड्या दिवसांच्या औषधानें काम भागतें. दुर्लक्ष केल्यास जंतु वर चढतात; मग पाठींत दुखून हुडहुडी भरते, आणि मूत्रपिंडच धोक्यांत येतें. औषध सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण घ्यावें. आग थांबली म्हणून मध्येंच सोडूं नये, व शेजारणीस लागू पडलेली गोळी आपण घेऊं नये.

या ठिकाणीं एक सामाजिक गोष्टहि लक्षांत घेतली पाहिजे. उसाच्या फडांत राबणारी मजूर स्त्री, बाजारांत दिवसभर बसणारी भाजीवाली, शौचकूप नसलेल्या शाळेंतील मुलगी, लांबच्या प्रवासास निघालेली गृहिणी, या सर्वजणी एकच युक्ति करतात : पाणीच प्यावयाचें नाहीं, म्हणजे जाण्याची वेळ येणार नाहीं. लाजेनें व गैरसोयीनें शिकविलेली ही युक्ति मूत्रपिंडाच्या मुळावर येते. त्यांना ‘पाणी प्या’ असा नुसता उपदेश करणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें होय. जेथें स्त्रिया काम करतात तेथें स्वच्छ, दार लागणारा आडोसा आणि पाणी यांची सोय करणें, हें औषधाच्या बाटलीइतकेंच खरें औषध आहे.

निदानासाठीं प्रथम लघवीची व रक्ताची परीक्षा करतात. सोनोग्राफीनें मूत्रपिंडास आलेली सूज व बरेचसे खडे दिसतात. मूत्रवाहिनीच्या मध्यभागांतील लहान खडा मात्र तिला कधीं कधीं हुलकावणी देतो. अशा वेळीं सीटी स्कॅन ही सर्वांत भरंवशाची तपासणी ठरते. गर्भवती स्त्री व लहान मुलें यांच्या बाबतींत किरणांचा उपयोग शक्य तों टाळून सोनोग्राफीवरच भर देतात.

उपचार खड्याच्या आकारावर व जागेवर अवलंबून असतो. पांच मिलिमीटरपर्यंतचे बहुसंख्य खडे आपोआप पडतात; पांच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांपैकीं सुमारें निम्मे पडतात; त्याहून मोठा खडा आपण होऊन पडण्याची आशा थोडी. वेदना शमविणारें औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें अवश्य घ्यावें. कळ सोसण्यांत कांहीं पुरुषार्थ नाहीं. भर कळींत घागरभर पाणी पिऊन खडा लोटून देतां येतो, ही समजूत मात्र निराधार आहे. वाट बंद असतांना वरून पूर आणल्यास कळ वाढण्याचाच संभव अधिक. मोठ्या खड्यांसाठीं पूर्वीं पाठीवर वीतभर छेद घ्यावा लागे. इ. स. १९७६ मध्यें स्वीडन देशांत पाठीवरील लहानशा छिद्रांतून दुर्बीण घालून खडा काढण्यांत यश आलें, आणि इ. स. १९८० मध्यें जर्मनींतील म्यूनिक शहरीं शरीराबाहेरून ध्वनीसारख्या आघातलहरी सोडून खडा फोडण्याचा उपाय प्रथम रोग्यावर करण्यांत आला. आतां लघवीच्या नैसर्गिक वाटेनेंच बारीक दुर्बीण वर नेऊन लेसर किरणांनीं खड्याची भुकटी करतां येते. ज्या व्याधीसाठीं सुश्रुतास राजाची अनुज्ञा मागावी लागे, तिचा रोगी आज बहुधा थोड्याच दिवसांत आपल्या पायांनीं घरीं परततो.

या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदां मूत्रवाहिनींत एक मऊ नळी ठेवितात. तिला स्टेंट म्हणतात. ती कांहीं आठवड्यांपुरतीच असते. तिच्यामुळें लघवीस वारंवार लागणें किंवा पाठींत किंचित् दुखणें हें अपेक्षित असतें. परंतु रोगी बरा होतो, परगांवीं कामास जातो, आणि नळी आंतच विसरून जातो. विसरलेल्या नळीवर नवे खडे धरतात, ती मूत्रवाहिनीस घट्ट चिकटते, आणि खड्यांतून वांचलेलें मूत्रपिंड नळीपायीं गमावण्याची पाळी येते. म्हणून रुग्णालयांतून निघतांना ‘आंत नळी ठेविली आहे काय, आणि ती कोणत्या तारखेस काढावयाची’ हे दोन प्रश्न रोग्यानें अवश्य विचारावे, व ती तारीख घरांतील दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावी.

घरगुती उपायांविषयीं तारतम्य ठेवणें इष्ट आहे. कुळथाचें कढण महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या दिलें जातें. पाषाणभेदाचाहि लौकिक मोठा आहे. कढणांतून पोटांत पाणी जातें तेवढा लाभ आहेच. पण मोठा खडा त्यानें विरघळतो असा भरंवशाचा पुरावा नाहीं. कढण पिण्यांत पाप नाहीं. कढण पीत तपासणी पुढें ढकलण्यांत आहे. बिअर प्याल्यानें खडा पडतो, हा समज तर धोक्याचा. तिनें लघवी क्षणभर वाढते, परंतु मागाहून शरीरांतील पाणी घटतें, व यूरिक आम्ल वाढतें. टोमॅटोच्या बिया पोटांत जाऊन त्यांचे खडे होतात, ही कल्पनाहि निराधार आहे. बी आंतड्यांतून जातें, मूत्रपिंडाशीं त्याची गांठच पडत नाहीं.

एकदां खडा झालेल्यांपैकीं सुमारें निम्म्या लोकांना दहा वर्षांच्या आंत तो पुन्हां होतो. म्हणून खरा उपचार खडा गेल्यावरच सुरू होतो, आणि त्यांतील पहिलें औषध पाणी. इटलींत झालेल्या एका अभ्यासांत पहिलाच खडा झालेल्या रोग्यांपैकीं ज्यांनीं पाणी वाढविलें त्यांच्यांत पांच वर्षांत शेंकडा १२ जणांना, आणि ज्यांनीं वाढविलें नाहीं त्यांच्यांत शेंकडा २७ जणांना पुन्हां खडा झाला. हा अभ्यास इ. स. १९९६ मध्यें प्रसिद्ध झाला. किती पाणी प्यालें यापेक्षां किती लघवी झाली याला महत्त्व आहे. ती दिवसाकांठीं अडीच लिटरच्या आसपास व्हावी. उन्हांत राबणाऱ्यास त्यासाठीं सावलींत बसणाऱ्यापेक्षां पुष्कळच अधिक पाणी लागतें. साधी खूण अशी कीं, लघवी गवताच्या वाळल्या काडीसारखी फिकट असावी. मोहरीच्या तेलासारखी गडद झाली तर पाणी कमी पडलें. पाणी दिवसभर थोडें थोडें प्यावें, व झोंपण्यापूर्वींहि एक पेला घ्यावा, कारण रात्रींच मूत्र अधिक घट्ट होतें. ज्यांना हृदयाचा विकार आहे किंवा ज्यांचीं मूत्रपिंडें अगोदरच दुर्बल झालीं आहेत, त्यांनीं मात्र पाण्याचें प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावें.

आहाराविषयीं सर्वांत मोठा गैरसमज दुधाबद्दल आहे. खडा कॅल्शियमचा, तेव्हां दूध-दही वर्ज्य, असें तर्कट सहज सुचतें. आणि तें चुकीचें आहे. जेवणांतील कॅल्शियम आंतड्यांतच ऑक्झॅलेटला बांधून टाकतें, व तें शौचावाटे निघून जातें. दूध-दही सोडलें म्हणजे ऑक्झॅलेट मोकळें राहून रक्तांत, व तेथून मूत्रांत जातें. इ. स. १९९३ मध्यें अमेरिकेंत पंचेचाळीस हजारांवर पुरुषांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत आहारांतून अधिक कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झाल्याचें दिसून आलें. पालक, अळू, चुका, बीट या पदार्थांत ऑक्झॅलेट पुष्कळ असतें. ज्यांना ऑक्झॅलेटचा खडा झाला आहे त्यांनीं ते वरचेवर खाऊं नयेत, आणि खाल्ल्यास सोबत दही-ताक असूं द्यावें. पालकाची ताकांतली भाजी करण्याची आपल्या सुगरणींची रीत या दृष्टीनें शहाणपणाची म्हटली पाहिजे. कॅल्शियमच्या किंवा क जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र मनानें घेऊं नयेत.

खरा शत्रु आहे मीठ. अधिक मीठ पोटांत गेलें म्हणजे मूत्रावाटे कॅल्शियमहि अधिक जातें. लोणचें, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण आणि ताटांत वरून वाढलेलें मीठ यांवर लगाम घातला तर खड्यांबरोबर रक्तदाबहि आवरतो. मांस-मासळीचें प्रमाण माफक असावें. लिंबाच्या रसांत सायट्रेट असल्यानें जेवणाबरोबर लिंबाचें पाणी घेणें हितकर होय. त्यांत साखर व मीठ मात्र बेतानेंच घालावें.

शेवटीं, जे विकार कळ न देतांच मूत्रपिंड पोखरतात त्यांचाहि उल्लेख केला पाहिजे. मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब हे त्यांतील प्रमुख. रक्तांतील क्रिएटिनिनचा आंकडा वाढलेला दिसतो तेव्हां बहुधा मूत्रपिंडांची निम्मी शक्ति संपलेली असते. म्हणून या दोन विकारांच्या रोग्यांनीं वर्षांतून एकदां तरी रक्ताची व लघवींतील प्रथिनाची परीक्षा करून घ्यावी. अंगदुखीच्या गोळ्या महिनोन् महिने स्वतःच्या मतानें घेत राहणें हीहि मूत्रपिंडांशीं केलेली हळूहळू दगलबाजी होय. आणि वेदना मुळींच नसतां लघवींतून रक्त गेलें, विशेषतः चाळिशी उलटलेल्या माणसास, तर ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देऊं नये; तें मूत्राशयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या कर्करोगाचें पहिलें चिन्ह असूं शकतें.

पहाटे कळ थांबून झोंपीं गेलेल्या त्या माणसास सकाळीं उठून कामावर जाण्याची घाई असणें स्वाभाविक आहे. एका दिवसाचा रोजगार बुडविणें त्याला परवडत नाहीं, आणि दुखत नसतां डॉक्टरांची पायरी चढणें त्याला उधळेपणाचें वाटतें. त्याला एवढेंच सांगावयास हवें कीं, रात्रींची ती कळ वैरीण नव्हती. ती दारावर थाप मारून हांक देणारी राखणदारीण होती. ती गप्प झाली, एवढ्यावरून चोर गेला असें होत नाहीं. घरांतील शहाण्या माणसानें त्या सकाळीं त्याला कामावर न धाडतां तपासणीस न्यावें. त्या एका दिवसाच्या मजुरींत एक मूत्रपिंड वांचत असेल, तर इतका स्वस्त सौदा दुसरा नाहीं.